सहा प्रकल्प आणि एक पॅरेंट पॉम
जुलैतला दिवस. रुळांवर पाणी, लोकल बंद, त्यामुळे अर्धी टीम डोंबिवली-ठाण्यातून घरूनच काम करत होती. दुपारी अंधेरीच्या ऑफिसातल्या बिल्ड सर्व्हरवर आमचे सहाही जावा प्रकल्प एकामागून एक फेल झाले. सकाळपासून त्यांतल्या एकातही कमिट नव्हती. डोंबिवलीच्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर मात्र तेच सहा सुरळीत बिल्ड होत होते.

हे प्रकल्प मावेन या टूलने बिल्ड होतात. सहांमध्ये सामाईक होता तो पॅरेंट पॉम, म्हणजे ज्याच्यातली सेटिंग बाकीच्या प्रकल्पांना वारशाने मिळतात ती मावेनची फाईल, आणि त्याची आवृत्ती स्नॅपशॉट, म्हणजे अजून बदलत राहणारी. स्नॅपशॉट बदललाय का, हे मावेन डिफॉल्टने दिवसातून एकदाच रिपॉझिटरीत, म्हणजे तयार फाईलींच्या सामाईक साठ्यात, तपासतं. सहकाऱ्याने सकाळी बिल्ड केला होता, म्हणून त्याच्याकडे सकाळचाच पॅरेंट होता. सर्व्हर दर वेळी ‘-यू’ लावून चालतो, म्हणजे ताजा आणतो.

‘-यू लावून चालव बघ,’ मी फोनवर सांगितलं. त्याच्याकडेही तीच एरर आली: चेकस्टाईलची कॉन्फिगरेशन फाईल सापडत नाही.

दुपारी पॅरेंटमध्ये चेकस्टाईल, म्हणजे कोड लिहिण्याचे नियम तपासणारं टूल, जोडलं गेलं होतं. नियमांची एक्सएमएल फाईल पॅरेंटच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये, आणि तिचा पाथ ‘प्रोजेक्ट.बेसडिर’पासून, म्हणजे प्रकल्पाच्या मूळ फोल्डरपासून, दिलेला. पॅरेंटचा स्वतःचा बिल्ड पास झाला, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण मावेन आधी वारसा जोडतं, व्हेरिएबलच्या किमती नंतर भरतं. त्यामुळे चाइल्डमध्ये, म्हणजे पॅरेंट वापरणाऱ्या प्रकल्पात, बेसडिर म्हणजे चाइल्डचंच फोल्डर. शिवाय रिपॉझिटरीतून पॅरेंट येतो तेव्हा फक्त पॉम येतो, शेजारचं फोल्डर येत नाही. मावेनच्या हेल्प प्लगिनचा ‘इफेक्टिव्ह-पॉम’, म्हणजे वारसा जोडून झालेला अंतिम पॉम दाखवणारी कमांड, चालवला की चाइल्डमधला खरा पाथ समोर दिसतो. वारशाचा घोळ वाटला की मी आधी तोच काढते. दोन पॉम शेजारी उघडून डोक्यात जोडत बसणं चुकीच्या दिशेला नेतं.

नियमांची फाईल वेगळ्या छोट्या जारमध्ये (जावाच्या पॅकेज फाईलमध्ये) टाकली. पॅरेंटच्या प्लगिनमॅनेजमेंटमध्ये चेकस्टाईल प्लगिनच्या आतच ती जार डिपेंडन्सी म्हणून दिली आणि कॉन्फिगलोकेशनमध्ये नुसतं फाईलचं नाव ठेवलं. प्लगिन ती क्लासपाथवरून, म्हणजे त्याला दिलेल्या जारांमधून, उचलतं. या जारला तोच पॅरेंट देऊ नये. तसं केलं आणि जारच्या प्रकल्पातही चेकस्टाईल चालू केलं, तर जार बिल्ड करायला तीच जार आधी लागते, आणि कोऱ्या मशीनवर पहिलाच बिल्ड अडतो. प्लगिनमॅनेजमेंटमध्ये लिहिलेलं प्लगिन आपोआप चालत नाही, ज्या प्रकल्पाला हवं त्याने ते प्लगिन्समध्ये नोंदवायचं. सहा वेगळे प्रकल्प असताना हेच योग्य.

मग पॅरेंट स्थिर आवृत्तीत रिलीज केला. सहाही ठिकाणी नवी आवृत्ती लिहिली आणि रिलेटिव्हपाथ हा टॅग रिकामा ठेवला. तो टॅग लिहिलाच नाही तर मावेन आधी वरच्या फोल्डरमधला पॉम बघतं, आणि तिथे भलताच पॉम असला तर इशारे देत बसतं.

सातवा प्रकल्प मात्र स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा स्टार्टर पॅरेंट वापरतो, आणि मावेनमध्ये पॅरेंट एकच असतो. डिपेंडन्सींच्या आवृत्त्या तिथे इम्पोर्ट स्कोपने, म्हणजे पॅरेंट न करता आमच्या पॉममधली फक्त आवृत्त्यांची यादी घेऊन, आणल्या. इम्पोर्टने प्लगिनची मांडणी येत नाही, म्हणून चेकस्टाईलचा तेवढा तुकडा त्या पॉममध्ये हाताने लिहिला आणि पॅरेंट बदलला की इथेही बदला, अशी कॉमेंट त्याच्या डोक्यावर ठेवली.