पांढरा पट्टा, आठवडा नववा : दीड पाऊल म्हणजे नक्की किती?

तायक्वांदो सुरू करून नऊ आठवडे झाले. आठवड्यातून तीन दिवस डोजांग (सरावाची जागा), उरलेल्या दिवसांत घरी वीस-पंचवीस मिनिटं. अजून एकही लाथ सांगण्यासारखी बसलेली नाही, त्यामुळे ही नोंद सगळी पायांचीच आहे. त्यातही पाय उचलण्याची नाही, पाय जमिनीवर ठेवण्याची.

आमच्याकडे कुक्कीवॉनची, म्हणजे सोलमधल्या तायक्वांदोच्या मुख्य केंद्राची पद्धत शिकवतात. सोगी म्हणजे उभं राहणं, पवित्रा. पहिल्या आठवड्यात चार्योत (पाय जुळवून सावधान), नारान्ही सोगी (पाय समांतर, मध्ये एका तळपायाचं अंतर) आणि जुनबी (तयारीत उभं राहणं). हे तिन्ही एका दिवसात आले, असं मला वाटलं. चौथ्या आठवड्यात व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं की जुनबीत माझा उजवा पाय कायम दोन बोटं पुढे असतो. हे कुणीच सांगितलं नव्हतं, कारण मी मागच्या रांगेत उभा असतो.

जुचुम सोगी दुसऱ्या आठवड्यात. घोड्यावर बसल्यासारखं, पायांत दोन तळपायांचं अंतर, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ. मॅडम म्हणाल्या, "पावलं अकरासारखी ठेवा." कोरियन लोक असंच सांगतात, समांतर पावलं म्हणजे अकराचा आकडा. मी इमानेइतबारे देवनागरी ११ डोळ्यांसमोर आणला आणि दोन्ही पावलं बाहेर फाकवून उभा राहिलो. "अहो, इंग्रजीतला अकरा!" तोवर बाजूचा बारा वर्षांचा हिरवा पट्टा हसून हसून स्वतःचा पवित्रा मोडून बसला होता. पावलं सरळ केल्याबरोबर मांड्या पेटल्या. फाकवलेल्या पायांवर दोन मिनिटं आरामात काढता येतात, समांतर पायांवर चाळीस सेकंदांत थरथर सुरू. आज दीड मिनिटापर्यंत आलोय, शेवटची वीस सेकंदं मात्र ढुंगण मागे जातं.

आता मुख्य भानगड. आप सोगी आणि आप कुबी.

आप म्हणजे पुढे, कुबी म्हणजे वाक. आप सोगी म्हणजे चालता चालता थांबल्यासारखं उभं राहणं : एक पाऊल अंतर, दोन्ही गुडघे सरळ, वजन दोन्ही पायांवर सारखं. आप कुबी लांब. पुढचा गुडघा इतका वाकलेला की वरून पाहिलं तर गुडघा आणि बोटांचं टोक एका रेषेत यावं, मागचा पाय सरळ, मागचं पाऊल साधारण तीस अंश बाहेर, वजनाचा दोन-तृतीयांश भाग पुढे. लांबी दीड पाऊल.

हे "दीड पाऊल" मी वहीत लिहून घरी नेलं आणि फरशीवर पट्टी घेऊन बसलो. माझा तळपाय २६ सेंटिमीटर. दीड पाऊल म्हणजे ३९. दोन पायांच्या मध्ये ३९ सेंटिमीटर मोजून चिकटपट्टी लावली आणि दहा दिवस त्यावर आप कुबी घोटली. पुढचा गुडघा वाकवला की मागचाही आपोआप वाकायचा, आणि मला वाटायचं माझ्याच पोटऱ्या आखडलेल्या आहेत म्हणून असं होतंय. पोटऱ्यांचे ताणही सुरू केले! शेवटी वर्गात मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "ही कुठली सोगी?" मराठीत पाऊल म्हणजे तळपायही आणि टाकलेलं पाऊलही. इथलं दीड पाऊल चालण्यातलं होतं. तळपायांनीच मोजायचं तर पुढच्या बोटांपासून मागच्या टाचेपर्यंत चार ते साडेचार तळपाय, म्हणजे माझ्यासाठी जवळजवळ ११५ सेंटिमीटर. माझ्या चिकटपट्टीवर ती लांबी ९१ भरत होती. आप सोगीचे तीन तळपाय म्हणजे ७८. म्हणजे मी दहा दिवस दोन पवित्र्यांच्या मधल्या कुठल्यातरी बेवारशी जागेत उभा होतो. जुनी पट्टी काढली, नवी लावली. पोटऱ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

लांबी सुधारल्यावर दुसरे दोन दोष उघडे पडले. एक, पुढचा गुडघा आत पडतो. उजवा कमी, डावा जास्त. चार-पाच दिवस डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखत होतं, गुडघा पावलाच्या दिशेनेच वाकेल याकडे लक्ष दिल्यापासून थांबलं. दोन, मागची टाच उचलते. हा दोष गमतीदार आहे, कारण उभं असताना टाच टेकलेलीच असते. ठोसा मारला की उचलते, आणि ठोसा संपायच्या आत परत टेकते. मला जाणवतसुद्धा नव्हतं. मग मागच्या टाचेखाली कागदाचा चिठोरा ठेवला आणि चिरंजीवांना तो ओढायला बसवलं. दहा ठोशांत सात वेळा कागद त्याच्या हातात. आता तीन वेळा.

तरी मी म्हणेन, लांब आप कुबीपेक्षा आखूड आप सोगी अवघड आहे. हे डोजांगमधल्या कुणालाच पटत नाही. आप कुबीत मांडी सांगते की तू काहीतरी करतोयस. आप सोगीत काहीच जाणवत नाही, म्हणून शरीर आपल्या मनाने भर घालतं : गुडघा थोडा वाकवतं, पाऊल थोडं लांब टाकतं, छाती पुढे काढतं. आयुष्यभर चालत आलो आणि "चाला की नुसतं!" म्हटल्यावर मला चालता येईना. तेगुक इल जांग या पहिल्या पूमसेत (ठरलेल्या हालचालींची मालिका) तर दोन्ही शेजारी शेजारी येतात. पहिल्या चार हालचाली आप सोगीत, मग पाचवीला वळून आप कुबी, आरे माक्की (खालचा बचाव) आणि जागच्या जागी ठोसा. फरक तिथे दिसायला हवा. माझ्या पाचव्या आठवड्यातल्या व्हिडिओत तो दिसतच नाही, सगळं एकाच लांबीचं, पाऊण आप कुबी. आता पहिल्या चार पावलांना मी मुद्दाम कंटाळा आल्यासारखा चालतो. तेवढ्याने बरंच सुधारलं.

जाता जाता एक सूचना, माझ्यासारखे रात्री व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी. बघण्याआधी ते आयटीएफचं, म्हणजे तायक्वांदोच्या दुसऱ्या संघटनेचं आहे का ते पाहून घ्या. त्यांची 'वॉकिंग स्टान्स' लांब असते, आपल्या आप कुबीच्या जवळची. आणि ते मुद्दाम खाली-वर होत जातात, त्याला साइन वेव्ह म्हणतात. मी आठवडाभर ती लाट शिकलो आणि वर्गात "डोकं एका पातळीत ठेवा" म्हणून ओरडा खाल्ला. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक, पण खिचडी नको.

सातव्या आठवड्यापासून द्वित कुबी. द्वित म्हणजे मागे. पावलं काटकोनात, दोन्ही गुडघे वाकलेले, सत्तर टक्के वजन मागच्या पायावर. तेगुक साम जांग या तिसऱ्या पूमसेत लागते, म्हणजे मला अजून वेळ आहे, पण मॅडम आधीपासून उभं करतात. नावाचा गोंधळ इथेही झाला. उजवी आप कुबी म्हणजे उजवा पाय पुढे, पण उजवी द्वित कुबी म्हणजे उजवा पाय मागे. पाठ करायला गेलो तर डोकं फिरतं. वजन ज्या पायावर, नाव त्या पायाचं, असं धरलं की दोन्ही सुटतात.

सत्तर टक्के म्हणजे किती, याचा एव्हाना धसका घेतला होता, म्हणून शेजाऱ्यांचा वजनकाटा मागून आणला. आमचा एक, त्यांचा एक, दोन्ही जवळपास सारख्या उंचीचे. प्रत्येक पायाखाली एक काटा ठेवून उजवी द्वित कुबी घेतली, डोळे मिटले, सत्तर-तीस झाल्यासारखं वाटलं तेव्हा बायकोला आकडे वाचायला सांगितले. मागे ४१, पुढे ३१. माझं वजन ७२. म्हणजे सत्तावन्न टक्के! खरोखरचे सत्तर गाठायला मागे ५० किलो हवे होते. तिथवर गेलो तेव्हा मी मागे पडणार असं वाटलं, बायकोने हातही पुढे केला. पडलो नाही. मागचा गुडघा वाकायचा राहिला होता, एवढंच. मी वजन मागे नेत होतो ते कंबर मागे कलंडवून, खाली बसून नाही.

कालची मोजणी : उजवी ४८-२४, डावी ४४-२८. डाव्या बाजूला मागचं पाऊल काटकोन सोडून आत वळतं, त्यामुळे गुडघ्याला वाकायला जागाच मिळत नाही. या आठवड्यात फक्त डावी करणार, रोज जेवणाआधी दहा वेळा. शेजाऱ्यांनी काटा रविवारपर्यंत ठेवू दिलाय.