करंगळीशेजारचं बोट

धारूर तालुक्यातल्या एका गावच्या शाखेत मी एकोणीस वर्षं कॅशवर आहे. आलो तेव्हा आठ माणसं होतो, आता मॅनेजर धरून तिघं. मॅनेजर बहुतेक परराज्यातले. गावची नावं तोंडात बसेपर्यंत त्यांची बदली होते. त्यांचा दोष नाही, पण खातेदार ओळखायचा तो मीच.

त्या दिवशी बाजार होता. चार महिने बंद पडलेलं पासबुकाचं मशीन दुरुस्त झालेलं, म्हणून रांग दारापर्यंत. रांगेत मावशी होत्या. तीस हंगाम ऊसतोडीला गेलेल्या, आता श्रावणबाळ या म्हातारपणाच्या सरकारी पेन्शनीवर, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पगारा'वर, महिना 1500 रुपयांत चालतं.

त्यांचा अंगठा मला पाठ आहे. निशाणी अंगठेवाल्यांना पैसे देताना स्लिपवर शाईचा अंगठा घ्यायचा, पासबुकावरचा फोटो नि समोरचा चेहरा ताडायचा, साक्षीदाराची सही घ्यायची. मावशींचा अंगठा लावला की नुसता काळा गोळा उमटतो. कोयत्याच्या मुठीनं रेषा कधीच घासून गेल्या. मधोमध जुन्या जखमेची आडवी खाच तेवढी पांढरी राहते. त्या खाचेवर मी वर्षानुवर्षं पैसे दिले, एकदाही चूक झाली नाही.

मग वरून तोंडी सूचना आली: दहा हजारांच्या आतलं पेमेंट काउंटरवर नको, बाहेरच्या ग्राहक सेवा केंद्रावर पाठवा. लेखी काहीच नाही. त्या केंद्रात बँकेचा प्रतिनिधी, एक पोरगा, आधारच्या मशीनवर अंगठा घेऊन पैसे देतो. मीच मावशींना म्हणालो, "आता तिथं अंगठा लावा, रांगेत ताटकळायला नको." दिवसातून पन्नासदा हेच म्हणत होतो.

त्या बाजारच्या दिवशी पासबुक छापून दिलं. त्यांनी विचारलं, "सायेब, पगार कव्हा येनार? दोन महिने झाले." शिल्लक बघितली तर 212 रुपये. पगार आलेला होता, महिन्याचे महिन्याला. पुढच्याच ओळीत आधारवरून 1500 काढल्याची नोंद. मागची पानं उलटली. अकरा महिन्यांत अशा पाच नोंदी, ज्यांचा एक रुपया मावशींच्या हातात पडला नव्हता.

"तो म्हनतो, मशीन अंगठा घेईना. मंग सगळी बोटं लावून बघतो. मंग म्हनतो, वरूनच पैसं आलं न्हाईत."

आमच्या लाइनीतल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. अंगठा झिजला तरी आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात. करंगळीशेजारच्या बोटावर कोयत्याचा भार कमी, तिथं रेषा टिकतात. ते बोट मशीन घेतं, पैसे खात्यातून निघतात. कुठल्या बोटाला मशीननं होकार दिला हे मावशींना कळायला मार्ग नाही. पावती द्यायची सक्ती आहे, ती दिली नव्हती. खात्याला मोबाइल लेकाचा, तो कर्नाटकात कारखान्यावर, सिम केव्हाच बदललेलं.

मॅनेजरसाहेब भले माणूस, पण म्हणाले, प्रतिनिधी नेमणाऱ्या कंपनीकडे तक्रार करायला सांगा. कंपनी कुठली, तिचं ऑफिस कुठं, हे मावशींनी कुणाला विचारायचं? रिझर्व्ह बँकेनं 2006 साली असे प्रतिनिधी नेमायला परवानगी दिली, तेव्हाच त्यांच्या कामाची जबाबदारी बँकेवर ठेवली आहे. मी ते अर्जात लिहिलं, पाचही तारखा घातल्या, पासबुकाची झेरॉक्स जोडली, आवक शिक्का मारून एक प्रत मावशींना दिली. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: बायोमेट्रिक पडताळणी यशस्वी, सबब व्यवहार ग्राहकाच्या संमतीने झाला.

संमती! ज्या बाईला बोटं लावायला लावून पैसेच आले नाहीत म्हणून सांगितलं, तिची संमती. मला राग केंद्रावरच्या पोराचा आहेच. पण त्याच्या दारात मावशींना धाडलं कुणी, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. काउंटरवर असत्या तर पहिल्याच महिन्याला मी म्हणालो असतो, मावशी, पैसे आलेत.

रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मी स्वतः भरून दिली आहे. मावशींची स्लिप आता मी भरतो. सूचना मोडतो म्हणून समज मिळाली, तीही तोंडीच.

परवाच्या बाजारी मावशी पुन्हा आल्या. स्लिपवर काळा गोळा, मधे पांढरी खाच. पैसे मोजून कनवटीला लावले, पण त्या जाईनात. मागं वळून म्हणाल्या, "या गं."

दारात त्यांच्या टोळीतल्या चार बाया उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात पासबुक.