पारा नंतर, आधी वारा: ठाण्याचा ऑक्टोबर ते जानेवारी

नोव्हेंबर उजाडला की 'गुलाबी थंडीची चाहूल' हा मथळा ठरलेलाच. पहाटे पारा दोन अंशांनी उतरला एवढ्यावर तो छापून येतो, आणि त्याच दिवशी दुपारी घोडबंदर रोडच्या सिग्नलला थांबलेल्यांच्या हेल्मेटमधून घाम ओघळत असतो. दोन्ही खरंच असतं. पावसाळा सरल्यापासून संक्रांतीपर्यंत ठाणे-नवी मुंबईची हवा दिवसातून दोनदा पालटते, आणि ती कशी पालटणार हे पाऱ्याआधी वारा सांगतो.

वारा बघायला यंत्र लागत नाही. ठाण्यात येऊरकडून आला तो पश्चिमेचा, मुंब्रा-पारसिककडून आला तो पूर्वेचा. वाशी-नेरुळला खाडीकडून आला तो पश्चिमेचा, डोंगराकडून आला तो पूर्वेचा. गच्चीवर, कठड्यापासून आणि टाकीपासून लांब, एक अगरबत्ती लावा. सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा तीन वेळा पुरतात. धूर जिकडे जातो त्याच्या उलट बाजूचा वारा, एवढं मात्र लक्षात ठेवा, कारण चूक तिथेच होते. दोन टॉवरांमधल्या फटीत धूर काहीही दाखवतो, त्यामुळे बाल्कनीतला प्रयोग धरू नये.

मुंबई परिसरातून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरला माघार घेतो. ही २०२० साली सुधारलेली तारीख. त्यानंतर नैर्ऋत्येचा जोर जातो आणि जमिनीवरून येणारा वारा डोकं वर काढतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा आत येतो, रात्री जमीन निवली की मतलई वारा उलटा समुद्राकडे वाहतो. ऑक्टोबर हीटचं सगळं गणित खारा वारा किती वाजता पोचतो यावर आहे. पूर्वेचा वारा जोरात असेल तर तो खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत अडवून धरतो. शिवाय हा पूर्वेचा वारा घाट उतरून येतो, आणि कोरडी हवा शंभर मीटर खाली उतरली की साधारण एक अंशाने तापते. घाटमाथ्यावरून सहाशे मीटर उतरली तर सहा अंश फुकटात वाढले. ठाण्यात आणखी एक अडचण: समुद्र आणि शहर यांच्या मधे येऊरचा डोंगर आहे. कुलाब्याला झुळूक लागल्यावरही घोडबंदर रोड बराच वेळ भाजत राहतो. बदलापूरला तर ती पोचेपर्यंत दुपार कलते. म्हणून बातमीतला 'मुंबईचा पारा', जो बहुतेक वेळा सांताक्रूझचा असतो, दुपारी आपल्याकडे कमी वाटतो आणि पहाटे जास्त.

आता पाऊस. जूनमध्ये पाऊस समुद्राकडून येतो, ऑक्टोबरमध्ये डोंगराकडून. दुपारी तीनच्या सुमारास माथेरान-हाजीमलंगच्या माथ्यावर फुलकोबीसारखा पांढरा, कडा धारदार असलेला ढग उभा राहिला, तर त्याच्या डोक्याकडे बघत राहा. कडा धारदार आहेत तोवर ढग वाढतोय. डोकं चपटं होऊन पसरायला लागलं की तो पूर्ण वाढलाय आणि विजा धरून आहे. वरच्या थरातला वारा पूर्वेचा असेल तर हाच ढग तास-दोन तासांत कल्याण-डोंबिवलीवरून कळवा-ठाण्यावर येतो. हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मुंबईच्या रडारची चित्रं असतात. एक रडार कुलाब्याला, दुसरं जोगेश्वरीच्या वेरावलीला. एकच चित्र बघून काही कळत नाही. तीन-चार चित्रं ओळीने पाहून ठिपका कुठे सरकतोय ते बघायचं. रंगपट्टीवर (आकडे डीबीझेडमध्ये, म्हणजे ढगातून परत आलेल्या रडारलहरीचं माप) ४० च्या पुढचा ठिपका म्हणजे जोराची सर, ५० च्या पुढे गेला तर गारांची शक्यता.

विजेसाठी हिशेब सोपा आहे. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर गच्ची, मैदान, तलावपाळीचा काठ सोडायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देतं. फोनची जागा दाखवण्याची परवानगी बंद ठेवली तर ते मुकं राहतं.

या सरींचा शहरात त्रास म्हणजे पहिली पंधरा-वीस मिनिटं. दिवाळीनंतर रस्त्यावर साचलेली धूळ आणि डिझेलचा थर पाण्यात कालवला की दुचाकी साबणावर चालवल्यासारखी घसरते. जोराची सर तो थर धुऊन नेते, भुरभुर पाऊस नेत नाही, म्हणून भुरभुरच जास्त वाईट. मुरबाड-शहापूरकडे मात्र खरं नुकसान होतं. तिथे हळवं, म्हणजे लवकर पिकणारं भात ऑक्टोबरात कापून वाळायला शेतातच पसरलेलं असतं. दोन-तीन दिवस ओलं राहिलं की लोंबीतच कोंब फुटतात आणि पेंढाही काळा पडतो. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण देशावरच्या ज्वारी-हरभऱ्याची आहे. भातवाल्यासमोर ती म्हणू नये. पुढचे चार दिवस पूर्वेकडे ढग उभे राहण्याचा अंदाज असेल तर कापणी लांबवलेली बरी. उभं भात एक सर सोसतं, आडवं सोसत नाही.

इशारे वाचताना नवी मुंबईकर एक गोष्ट विसरतात. इशारा जिल्ह्याला असतो, शहराला नाही. ऐरोली, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल, उलवे, उरण रायगडात. सीवूड्सला राहून उलव्याला कामाला जात असाल तर दोन्ही बघायला हवेत. ठाणे जिल्हा तरी केवढा, भाईंदरच्या खाडीपासून माळशेजपर्यंत. 'यलो' आला आणि आपल्याकडे थेंब पडला नाही म्हणून अंदाज चुकला असं होत नाही. मुरबाडला झोडपलेलं असू शकतं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पावसाच्या दिवसाचा हिशेब सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. ६४.५ मिलिमीटरपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार'. आणि तीन तासांचा तातडीचा अंदाज वेगळा असतो. संध्याकाळच्या गडगडाटासाठी तोच कामाचा.

अरबी समुद्रातल्या वादळांचा मोसमही हाच. २००९ च्या ११ नोव्हेंबरला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' गुजरातकडे जाता जाता विरलं, पण ५ डिसेंबरला इथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०१९ चं 'क्यार' त्या दोघांपेक्षा कितीतरी बलवान होतं आणि ते ओमानच्या बाजूला सरकलं. वादळाची ताकद बघून घाबरायचं नाही, वाट बघायची. बहुतेक वादळं पश्चिमेला जातात. उत्तरेकडून वरच्या थरात पश्चिमी झंझावाताची (हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येऊन पाऊस-बर्फ देणाऱ्या प्रणालीची) द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, खाली उतरली असेल तर ती वादळाला ईशान्येकडे, म्हणजे आपल्याकडे किंवा गुजरातकडे वळवते. तीच द्रोणी बहुधा वादळाचा माथा वरून कापून त्याला कमजोरही करते. नकाशावरच्या मधल्या रेघेवर बोट ठेवून 'आपल्यावरून जात नाही' म्हणू नका, रेघेभोवतीचा शंकू, म्हणजे वादळ जाऊ शकेल तो सगळा पट्टा, बघा.

वादळ नसतानाही ही द्रोणी आणि पूर्वेचं बाष्प एकत्र आलं की अवकाळी होतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला तेच झालं: ठाण्या-मुंबईत नुसता पाऊस, नाशिक जिल्ह्यात निफाडकडे गारा. असं का? ढगात गार दोन्हीकडे तयार होते. कोकणात तिला उबदार, दमट हवेच्या जाड थरातून खाली यावं लागतं, बहुतेक गारा वाटेतच विरघळतात. निफाड सहाशे मीटरच्या आसपास उंच, खालची हवा कोरडी आणि थंड, म्हणून गार न विरघळता जमिनीवर पोचते. त्या वेळी ऑक्टोबर छाटणीच्या द्राक्षबागा फुलोऱ्यात किंवा कोवळ्या मण्यांवर असतात. मार लागलेला मणी तडकतो आणि मागोमाग डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो. वाशीच्या बाजारात त्याचा परिणाम दिसतो तो फेब्रुवारीत.

थंडीबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय: काश्मीरला बर्फ पडला की लगेच आपल्याकडे थंडी. प्रत्यक्षात झंझावात उत्तरेत सक्रिय असतो तेव्हा आपला वारा दक्षिण-पूर्वेकडून यायला लागतो, ढग येतात, आणि रात्रीची उष्णता ढगांखाली अडकून पहाटेचा पारा उलट चढतो. झंझावात पुढे सरकला, हिमाचलात ऊन पडलं, की मग राजस्थान-गुजरातमार्गे उत्तरेचा कोरडा वारा खाली येतो. इथवर यायला त्याला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे टीव्हीवर मनालीत बर्फ दिसला की शाल काढायची घाई नाही. तिथलं आकाश मोकळं झाल्याची बातमी आली की काढा. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि रात्री वारा पडलेला, अशी तीन जुळली की पहाट खरी गार. त्यातही खाडीकाठ आणि ठाणे स्टेशनचा काँक्रीटचा भाग उबदार राहतो, बदलापूर-कर्जत सगळ्यात आधी गारठतात.

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट म्हणतात. किनाऱ्यावर १० फार क्वचित दिसतं, म्हणून तिथे १५ ची मर्यादा धरतात. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२ चा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी वेधशाळेने बराच वरचा आकडा दिला, तर कोणी खोटं बोलत नाही. वेधशाळेचा तापमापक पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच असतो. गवताचं पातं उघड्या आकाशाखाली त्याहून चार-पाच अंशांनी गार होतं.

याच शांत पहाटेला धूर आणि धूळ खाली दडपली जाते. तुर्भे-तळोज्याच्या बाजूला तर दहा वाजेपर्यंत पारसिकचा कडा धूसर असतो. पाम बीच रोडवर चालायला पहाटे साडेपाचला जाणाऱ्यांनी त्याऐवजी खारा वारा सुटल्यावर, संध्याकाळी चार-पाचला जावं.

नाताळात बर्फ बघायला मनालीला निघालेल्यांसाठी एक आकडेमोड. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. तिथे पाऊस पडतोय आणि पारा ५ अंश आहे असं धरा. दर किलोमीटरला साडेसहा अंश या हिशेबाने शून्य अंश साधारण २,८०० मीटरवर येतो, आणि हिमकण विरघळायला त्याखाली तीनेकशे मीटर घेतात. म्हणजे बर्फ २,५०० मीटरपर्यंत, सोलंगच्या आसपास. मनालीत छत्री, सोलंगला बर्फ. पाच-सहा दिवसांपलीकडच्या 'अमुक तारखेला नक्की बर्फ' या एजंटच्या शब्दावर हॉटेलचे पैसे बांधू नका. हवामान विभागाचा दर गुरुवारी येणारा विस्तारित अंदाज आठवड्याचा कल सांगतो, तारीख नाही.

आणि रस्ता धोक्याचा असतो तो बर्फ पडताना कमी, दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त. दुपारी वितळलेलं पाणी निरभ्र रात्री गोठून डांबरावर काचेसारखा थर होतो. तो दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. सोलंग ते अटल बोगदा या सावलीच्या वळणांवर तो दहा-अकरापर्यंत टिकतो. साखळ्या ज्या चाकांना इंजिनाची ओढ असते त्यांनाच लावायच्या, साध्या छोट्या गाडीत म्हणजे पुढच्या. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला जवळजवळ हात न लावता. ठाण्याहून स्वतःची गाडी घेऊन गेलात तर काचेवर मारायच्या पाण्याची टाकी आधी रिकामी करा. आपल्याकडचं साधं पाणी तिथे रात्रीत गोठतं आणि नळी फुटते.