मेंदू वाढतो म्हणे
आज संध्याकाळी जळगावला आमच्या कॉलनीच्या हॉलमधे ध्यानाचं शिबिर होतं, वक्ते म्हणे आठ आठवडे बसा, मेंदू वाढतो, सायन्सने सिद्ध झालंय. टाळ्या पडल्या. आता तो रिसर्च आहे खरा, २०११ चा, पण ध्यान करणारे फक्त १६ जण होते हो, आणि ग्रुपही रँडम, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, पाडलेले नव्हते. २०२२ मधे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीवाल्यांनी दोनशेहून जास्त लोकांवर नीट ट्रायल करून एमआरआय काढले तर मेंदूच्या रचनेत फरकच सापडला नाही, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. मग सगळं थोतांड का, तर तसंही नाही, २०१४ ला ४७ ट्रायल एकत्र तपासल्या त्यात चिंता, डिप्रेशन, दुखणं यात थोडाफार फायदा दिसला, फक्त व्यायाम किंवा औषधापेक्षा सरस असं काही नाही. मी स्वतः सकाळी बसतो, बरं वाटतं, मला तेवढं पुरे.

पण बाहेर निघालो तर शेजारचे आप्पा म्हणता, "आता बीपीची गोळी बंद करतो भो!" म्हटलं आप्पा, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ लाच सांगितलंय, ध्यान करायचं ते गोळीसोबत, गोळीऐवजी नाही. तर म्हणे, मग उद्या तूच चल डॉक्टरकडे. जातोय.