घरी माल आणणाऱ्या बायकांची तासाची कमाई कशी काढावी : माझा अनुभव

मुंबईतल्या गोवंडी, मानखुर्द, मालवणी, धारावी अशा कुठल्याही वस्तीत दुपारी गेलं की उंबऱ्यात बसून खडे चिकटवणाऱ्या, धागे कापणाऱ्या, बटणं लावणाऱ्या बायका दिसतात. माझ्या प्रबंधाचा प्रश्न एवढाच होता, की शेठकडून माल आणून नगामागे ठरलेल्या दरानं केलेल्या या कामाचे तासाला किती रुपये पडतात? श्रम-अर्थशास्त्रात हा प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर काढताना सरकारी आकडे आणि वस्तीतली पाहणी, दोन्ही लागतात आणि दोन्हीकडे फसायच्या जागा आहेत. या वाटेनं जाणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या जागा आधीच ठाऊक असाव्यात म्हणून लिहिते आहे.

सुरुवात नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणापासून, म्हणजे पीएलएफएसपासून. ते एप्रिल २०१७मध्ये सुरू झालं. त्याआधी साधारण पाच वर्षांनी रोजगाराची मोठी फेरी व्हायची, तिची शेवटची २०११-१२ची, ६८वी. कुटुंबनिहाय मूळ माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी केली की मोफत मिळते. फाइल उघडली की नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब ओळी दिसतात. कुठल्या स्थानापासून कुठल्या स्थानापर्यंत कुठली माहिती, हे सोबतच्या लेआउटच्या एक्सेल पत्रकात असतं. आकडेमोडीसाठी स्टाटा वापरा नाहीतर आर, सांकेतिक क्रमांक मजकूर म्हणूनच वाचून घ्यावेत. अंक म्हणून वाचले तर सुरुवातीची शून्यं गळतात आणि पुढे कुटुंबाची आणि माणसांची फाइल जोडताना जोड्या चुकतात. जोडणीसाठी तिमाही, भेट, एफएसयू (म्हणजे नमुन्यात निवडलेलं गाव किंवा शहरातला ब्लॉक), सेगमेंट (त्याचा तुकडा), दुसऱ्या टप्प्याचा स्तर आणि कुटुंबाचा क्रमांक एकत्र करून एकच किल्ली बनवावी आणि ती कुटुंबांच्या फाइलमध्ये दोनदा येत नाही ना, ते लगेच तपासावं.

पहिल्या भेटीची फाइल वेगळी असते, पुनर्भेटीची वेगळी. शहरी कुटुंबाकडे सर्वेक्षक एकूण चारदा जातात. दोन्ही फाइली सरसकट एकत्र केल्या तर तेच घर चारदापर्यंत मोजलं जातं. वर्षाचे आकडे हवे असतील तर पहिल्या भेटीची फाइल पुरते.

मग येतं वजन, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा. तो फाइलमधल्या गुणकावरून काढतात. जून २०२४पर्यंतच्या फायलींचा नियम असा: 'एनएसएस' आणि 'एनएससी' हे दोन रकाने सारखे असतील तर गुणकाला १००ने भागायचं, नसतील तर २००ने. वर्षाचा अंदाज काढताना तिमाहींच्या संख्येनं पुन्हा भागायचं. २००चं कारण असं, की नमुना दोन स्वतंत्र उपनमुन्यांत घेतलेला असतो आणि दोन्ही हाती असतील तर त्यांची सरासरी घ्यावी लागते. वजनाशिवाय टक्केवारी काढण्यात काहीच अर्थ नाही. एका ब्लॉकमधून आठ कुटुंबं घेतली जायची आणि ती घरात दहावी किंवा त्यापुढे शिकलेले किती जण आहेत यावरून वाटलेली असायची: तीन किंवा जास्त असतील अशी २, एक-दोन असतील अशी ४, एकही नसेल अशी २. आपल्या प्रश्नातल्या बायका बहुतेक शेवटच्या दोन गटांत. त्यांचा नमुन्यातला वाटा वस्तीतल्या वाट्याइतका नसतो, ते वजनानंच सावरतं. वजन बरोबर बसलं का, हे बघायची खात्रीची पद्धत एकच. वार्षिक अहवालातलं महाराष्ट्राच्या शहरी महिलांचं एखादं प्रमाण स्वतः काढून बघावं. ते दशांशापर्यंत जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

आता मुंबई. फाइलमध्ये जिल्ह्याचा क्रमांक असतो, म्हणून मुंबई आणि मुंबई उपनगर वेगळे काढायचा मोह होतो. पण त्या वर्षांची रचना जिल्ह्यासाठी नव्हती. शहरी स्तर गावा-शहरांच्या लोकसंख्येवरून पाडलेले होते. जिल्हा हा मूळ घटक झाला तो जानेवारी २०२५च्या नव्या रचनेपासून, त्याच वेळी एका ब्लॉकमधली कुटुंबं १२ झाली. त्यामुळे आधीच्या वर्षांसाठी दोन्ही जिल्हे एकत्र करून, चार-पाच वर्षं जोडून, एफएसयूला गुच्छ मानून प्रमाणत्रुटी (नमुन्यामुळे आकडा किती हलू शकतो त्याचं माप) काढते आणि ती आकड्याशेजारीच छापते. वर्षं जोडली की वजनाला वर्षांच्या संख्येनं भागायचं आणि कमाई एका किंमतपातळीवर आणायची. त्यासाठी औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमतींचा मुंबई केंद्राचा निर्देशांक घ्यावा. २००१ आणि २०१६ या पायाभूत वर्षांच्या मालिका जोडताना २.८८ हा गुणक सगळे लावतात, पण तो अखिल भारतीय मालिकेचा आहे. मुंबई केंद्राला स्वतःचा गुणक आहे. ठाण्याचे आकडे जुन्या फेऱ्यांशी ताडून बघायचे असतील तर १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, हेही धरावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ मी पुढच्या भागाला दिला, आणि द्यावाच. घरी माल आणणारी बाई कामाच्या प्रकाराच्या कुठल्या संकेतांकात बसते? शेठ ठरवतो तो दर, शेठ देतो तो माल, म्हणून ती मजूर वाटते. या सर्वेक्षणांच्या व्याख्येत मात्र घरी बसून पीसरेटवर काम करणारी स्वयंरोजगारी ठरते. म्हणून ती ३१ (नियमित पगारी) किंवा ५१ (रोजंदारी मजूर) मध्ये शोधू नये, ११ (स्वतःचं काम करणारी) मध्ये शोधावी. तिला हातभार लावणारी मुलगी किंवा सासू २१मध्ये, म्हणजे बिनमोबदल्याची मदतनीस. कामाच्या ठिकाणाच्या रकान्यात स्वतःचं राहतं घर हा पर्याय असतो, तो गाळणीसारखा वापरावा. मग उद्योगाचा क्रमांक: खाद्यपदार्थ १०, तयार कपडे १४, इमिटेशन दागिने ३२. एवढ्यावर थांबू नये. चालू आठवड्याच्या स्थितीत (गेल्या ७ दिवसांच्या कामाच्या नोंदीत) उद्योगाचे दोनच अंक असतात आणि ३२मध्ये खेळणी, खेळाचं सामान, वैद्यकीय उपकरणं असं बरंच काही येतं. पाच अंकी उद्योग नेहमीच्या स्थितीत (गेल्या वर्षभराच्या नोंदीत) मिळतो, तिथून तो आणावा. लिज्जतच्या पापड लाटणाऱ्या बहिणी मी वेगळ्या ठेवते. १९५९मध्ये गिरगावात सात जणींनी सुरू केलेल्या त्या संस्थेत लाटणारी बाई सभासद-मालक असते, शेठचा माल आणणारी नसते. दोघींची सरासरी काढली तर ती कुणाचीच होत नाही.

यातल्या कितीतरी बायका मुळात ९२ किंवा ९३मध्ये, म्हणजे घरकामात, गेलेल्या असतात. व्याख्येप्रमाणे आठवड्यात एका दिवशी एक तास काम केलं तरी ती कामगार आहे. पण घरातला एकच माणूस सगळ्यांची उत्तरं देऊ शकतो, आणि तो नवरा किंवा सासरा असला की "ती घरीच असते" हे उत्तर ठरलेलं. याला उतारा वेळवापर सर्वेक्षणाचा. देशभरातलं पहिलं २०१९मध्ये झालं, दुसरं २०२४मध्ये. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासानं लिहिलेला असतो. त्यात कमाई नाही, पण स्वतःला गृहिणी सांगणाऱ्या बाईचा दुपारचा दीड तास विक्रीच्या मालावर गेला, हे दिसतं.

कमाईचा हिशोब करताना काळ जुळवावा लागतो. स्वयंरोजगाराची कमाई गेल्या ३० दिवसांची, खर्च वजा जाता. तास मात्र गेल्या ७ दिवसांचे. म्हणून आठवड्याच्या तासांना ३०/७ने गुणून मगच भागायचं. रमजानमध्ये, दिवाळीच्या तोंडावर, लग्नसराईत माल कमी-जास्त होतो, तेव्हा एखाद्या आठवड्यावरून महिना धरणं धोक्याचं. तिमाहीवार वेगळं बघून घ्यावं. २१च्या मदतनिसांची कमाई शून्य असते आणि तास खरे असतात. समजा, बाईनं दिवसाचे चार तास दिले, मुलीनं दोन, आणि ६० रुपये मिळाले. एकट्या बाईला धरलं तर तासाला १५ रुपये, दोघींना धरलं तर १०. किमान वेतनाशी तुलना करायची तर दुसरा आकडाच प्रामाणिक आहे, आणि मला हे सौम्य शब्दांत सांगता येत नाही: पहिला आकडा छापणं म्हणजे त्या मुलीचे दोन तास पुसून टाकणं.

वस्तीतली पाहणी या सगळ्याच्या पडताळ्यासाठी. आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मराठी आणि हिंदी दोन्ही संमतीपत्रकं. सही मागितली की बायका बिचकतात, म्हणून तोंडी संमतीची तरतूद अर्जातच करून घ्यावी. सकाळी पाणी भरायच्या वेळी जाऊ नये. जेवणं उरकल्यावर, दोन ते चार ही वेळ बरी. "काम करता का?" विचारलं तर "नाही" येतं. "घरी कुठला माल येतो का?" विचारलं की पिशवीच समोर येते. महिन्याची कमाई विचारू नये. एका ग्रोसचा दर विचारावा, म्हणजे १४४ नगांचा. मग समोर एक डझन करायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघून बाराने गुणावं. पहिला डझन सोडून द्यावा. पाहुणी बसली आहे म्हणून हात भरभर चालतो. दरातून धागा, सुई, गोंद, दिव्याचं बिल, माल आणायचं रिक्षाभाडं वजा करावं आणि परत आलेले नग स्वतंत्र लिहावेत. परत आलेल्या नगांचे पैसे कापले जातात, पण त्यांना लागलेला वेळ बाईचाच असतो, म्हणून तो तासांत राहू द्यावा.

लिहिताना गल्लीचं नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं समजू नये. कुठला माल, कितीचा दर आणि कुठली वस्ती एवढ्यावरून शेठला बाई ओळखता येते, आणि ओळखली की तिचा माल बंद होतो. म्हणून मी वॉर्डाच्या खाली जात नाही, दर पट्ट्यात देते आणि एखाद्या वॉर्डात एका मालाची पाचपेक्षा कमी घरं असतील तर ती ओळ शेजारच्या वॉर्डात मिळवून टाकते. मूळ वह्या आणि संमतीची नोंद वेगवेगळ्या कपाटांत, आणि दोन्हींना जोडणारी यादी तिसरीकडे कुलपात.