मिग-२१ एफएल, १:७२ : नाकात छर्रे, अंगावर चांदी

आज टेबलावर मी जोडलेला प्लास्टिकचा मिग, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढा, तिन्ही चाकांवर उभा आहे. शेपटीवर बसत नाही. ज्यांनी कधी किट जोडलंय त्यांना एवढ्यानंच कळलं असेल, बाकीच्यांसाठी पुढे सांगतो.

मी शेवटचं किट जोडलं ते १९९५ च्या उन्हाळी सुट्टीत, आठवीचा निकाल लागल्यावर. आत्याच्या यजमानांनी मुंबईहून १:७२ चं स्पिटफायर आणलं होतं. कॅनोपी, म्हणजे पायलटवरची पारदर्शक काच, सुपरग्लूनं चिकटवली, सकाळी बघतो तर आतून धुकं धरलेलं. त्या गमची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते हे सांगणारं तेव्हा कोण होतं? पायलट कायमचा धुक्यात गेला, विमान माळ्यावर गेलं आणि मी डिप्लोमा करून शिरोलीच्या फौंड्रीत लागलो.

वीस वर्षं क्वालिटीत आहे. दुसऱ्यांच्या ओतकामातले दोष, म्हणजे पार्टिंग लाईन, फ्लॅश आणि ब्लो होल, शोधायचा पगार घेतो. हाच माणूस जूनमध्ये परत किट घेऊन बसला, तेव्हा सुट्या भागांची पहिली फ्रेम पिशवीतून काढल्या काढल्या हात रिजेक्शनच्या तांबड्या खडूकडे गेला. लहानपणी जे दिसतच नव्हतं ते सगळं आता दिसतं, आणि दिसलं की सोडवत नाही. चार महिने लागले ते याच्यामुळं.

किटच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत. मॉडेल एफएलचं, म्हणजे आपल्या हवाई दलाचं टाइप-७७, जे नाशिकजवळ ओझरला एचएएलनं बांधलं. या विमानाच्या पोटात तोफच नव्हती. हवेतल्या लढाईत दोन के-१३ क्षेपणास्त्रं, एवढाच भरवसा. पुढं पोटाखाली जीपी-९ चा पॉड टांगून २३ मिलिमीटरची तोफ बसवली. मी पॉड लावलेला नाही, मधली इंधनटाकी लावलीय. बायसन, म्हणजे मिग-२१ ची नंतरची सुधारलेली आवृत्ती, का नाही, असं दोघांनी विचारलं. बायसनची पुढची काच वेगळी, बिनचौकटीची. एफएलच्या किटमधून ती निघत नाही, आणि ओढूनताणून काढलेली मला बघवणार नाही.

खऱ्या विमानाचे पंख ७.१५ मीटर. भागिले ७२ केलं की ९.९ सेंटिमीटर. तळहातावर मावतं.

जोडणीत पहिला दणका पंखाच्या मुळाशी बसला. डावीकडं वहीचा पुठ्ठा जाईल एवढी फट. आधी गाड्यांच्या डेंटिंगवाल्याकडची लांबी (पुट्टी) भरली, घासली, छान दिसली. आठवड्यानं बघतो तर खाली बसलेली. कास्टिंगमध्ये श्रिंकेज, म्हणजे आटणं, ओळखतो, आणि घरच्या टेबलावर तेच हातानं भरून ठेवलं! मग जुना उपाय केला. त्याच किटच्या फ्रेमचे तुकडे पातळ मॉडेल सिमेंटच्या बाटलीत टाकले आणि दोन दिवस विरघळू दिले. काकवीएवढं दाट झालं की टूथपिकनं फटीत सोडायचं. ते विमानाचंच प्लास्टिक असल्यामुळं वाळल्यावर तेवढंच कडक होतं, आणि घासताना कडेला खड्डा पडत नाही. फक्त घाई करायची नाही. तीन दिवस हात लावला नाही, चौथ्या दिवशी ४०० चा वॉटर पेपर, मग ८००, मग १५००.

घासायची हत्यारं गुजरीतून आणली. हे कोल्हापूरकरांना मुद्दाम सांगतोय. ऑनलाइन जी बारीक कानस 'हॉबी टूल' म्हणून महाग मिळते, तीच सोनारांच्या सामानाच्या दुकानात निम्म्याहून कमी पैशात मिळते. गोल, त्रिकोणी, चपटी, उंदराच्या शेपटीसारखी. चिमटेही तिथलेच घ्या, टोकं जुळतात.

आता नाकाची गोष्ट. मिगचं बहुतेक वजन मागच्या चाकांच्या मागं पडतं, म्हणून धडाची दोन्ही अर्धुकं बंद करायच्या आधी नाकात वजन भरायचं असतं. सूचनापत्रकात वजनाचं चित्रही होतं. मी ते बघितलं, मान डोलावली आणि अर्धुकं चिकटवून टाकली. दुसऱ्या दिवशी पोरगं म्हणालं, "पप्पा, विमान बसलंय बघा कुत्र्यागत."

शिवण उघडायचा धीर नव्हता. पुढच्या चाकाच्या खोबणीत तीन मिलिमीटरचं भोक पाडलं, कागदाची पुंगळी केली आणि फौंड्रीतल्या शॉट ब्लास्टिंगचे पोलादी छर्रे आत सोडले. चिमूटभर सोडायचे, नाक खाली करून टिचकी मारायची, परत चिमूटभर. दहा ग्रॅमला तोल आला. वर हळू वाळणारं अरल्डाइट ओतून विमान रात्रभर नाकावर उभं ठेवलं. शिशाचे छर्रे वापरणाऱ्यांनी त्यावर फेविकॉल ओतू नये. शिसं त्यात हळूहळू गंजून फुगतं आणि काही वर्षांनी नाक आतून उकलतं. कॅनोपीला मात्र फेविकॉलच लावलाय. वाळल्यावर काचेसारखा पारदर्शक होतो, धुकं नाही.

रंगाला मी घाबरून होतो. एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची छोटी पिचकारी, घेतला होता, पण पुठ्ठ्यावर नुसते कोळ्यासारखे पाय फुटत होते. शेवटी विसर्जन होऊन गल्ली मोकळी झाल्यावर गंगावेशीच्या कुंभार गल्लीत एका मूर्तिकारांकडं गेलो. माझा ब्रश त्यांनी हातात घेतला, फिरवून बघितला, म्हणाले, "ह्यो तर आमच्या बाळाचा बाळ हाय."

मग दहा मिनिटांत जे दाखवलं ते मला दोन महिन्यांच्या व्हिडिओंतून कळलं नव्हतं. रंग दुधाएवढा पातळ पाहिजे, भांड्याच्या कडेला लावला की ओघळून मागं पातळ पडदा राहावा. आणि हात आधी हलला पाहिजे. मूर्तीच्या बाहेर हवेत फवारा सुरू करायचा, मूर्तीवरनं न्यायचा आणि पलीकडं गेल्यावर बंद करायचा. मी विमानावरच सुरू करून विमानावरच थांबत होतो, म्हणून दोन्ही टोकांना थेंब. "आवो, गणपतीच्या गालावर थांबून चालंल का?" म्हणाले.

चंदेरी रंगाखाली चकचकीत काळा लागतो, कारण खालचा थर जेवढा आरशासारखा तेवढा वरचा धातू खरा वाटतो. सप्टेंबरात पाऊस परत फिरला होता. काळा लॅकर मारला आणि डोळ्यांदेखत पंख निखाऱ्यावर राख धरावी तसा पांढुरका झाला. थिनर झपाट्यानं उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, आणि हवेतली ओल त्या गार रंगावर बसते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लॅकर मारणाऱ्यानं हे भोगायचंच. मी नुसत्या थिनरचा एक हलका फवारा मारून तो थर पुन्हा ओला केला, तेव्हा निम्मा भाग सुधारला. उरलेला घासून काढला. आता कंप्रेसरच्या नळीला पाणी धरणारा फिल्टर आहे, आणि बाहेर ओल असेल तर रंगाला हात लावत नाही.

२६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलानं चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा माझा मिग अर्धा काळा, अर्धा घासलेला असा भांड्यांच्या कपाटावर होता. १९६३ साली २८ स्क्वाड्रननं पहिले मिग घेतले तेही चंडीगडलाच. टीव्हीवर शेवटची उड्डाणं बघताना बायको म्हणाली, "तुमचं उडायच्या आधीच रिटायर झालं की." काय बोलणार!

चंदेरीच का, हिरवट का नाही? १९७१ ला बऱ्याच एफएलवर घाईघाईत हिरवे पट्टे मारले होते. तसं केलं असतं तर निम्म्या चुका झाकल्या गेल्या असत्या. पण मला सुरुवातीचं, नुसत्या उघड्या पत्र्याचं विमान हवं होतं. पहिल्या फवाऱ्यानंतर उजव्या पंखावर ८०० च्या पेपरचे ओरखडे असे उठले की कुणी कंगवा फिरवलाय. परत २०००, परत काळा, परत चांदी. असं तीनदा. तिसऱ्यांदा भिंग लावून पाठीवरची शिवण शोधली. ती शेपटीच्या मुळाशी केसाएवढी अजून आहे. फौंड्रीत हा पीस मी पास केला असता. इथं दोन दिवस विचार केला आणि तसाच सोडला. कुठं आहे ते मात्र कुणाला दाखवणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत डेकल, म्हणजे हवाई दलाची छापील गोल चिन्हं, बसवले. बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. पांढरं कडं एका बाजूला किंचित सरकून छापलेलं, त्याला इलाज नाही. पोरानं किल्ल्यावर विमान ठेवायची मागणी केली. शिवाजी महाराजांच्या सिंहासनाशेजारी मिग-२१! नाही म्हणालो, तर त्यानं पुठ्ठ्याचं हेलिकॉप्टर करून ठेवलं.

राहिलं काय, तर चाकांची झाकणं आणि नाकाच्या वरच्या कडेची पिटो नळी, म्हणजे विमानाचा वेग मोजायची पुढं आलेली बारीक नळी. किटमधली जाडजूड होती आणि बाहीत अडकून आधीच तुटली. तिच्याऐवजी हुपरीच्या एका कारागिराकडून अर्ध्या मिलिमीटरची चांदीची तार आणलीय. वजन करायला लागला तर काटा हलेना. "घुंगराला लावायचीय का?" म्हणून विचारलं. विमानाला म्हटल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत, पण झालं की घेऊन या म्हणाला. पुढच्या रविवारी तारेचं टोक कानशीवर निमुळतं करायचंय. बसवायची मात्र सगळ्यात शेवटी, पूर्ण बाह्यांचा शर्ट काढून.