आघाडीवर असताना प्लॅन बदलला आणि सगळी गॅलरी माझ्यावर उठली

कोल्हापुरात फुटबॉलचा कोच असणं म्हणजे काय हे शाहू स्टेडियमवर एकदा डगआउटमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. मागं अख्खी पेठ बसलेली असते आणि त्यातल्या प्रत्येकाला कोणाला काढायचं, कोणाला घालायचं ते तुमच्याआधी कळलेलं असतं. तालमीच्या टीमला मी बरीच वर्षं शिकवतोय, पण मागच्या सीझनची एक मॅच अजून डोक्यातून जात नाही.

उन्हाळ्यातली दुपारची मॅच. आम्ही ४-४-२ खेळत होतो, म्हणजे मागं चार डिफेंडर, मध्ये चार मिडफील्डर आणि पुढं दोन स्ट्रायकर, आणि सुरुवातीलाच गोल मारून पुढं गेलो. ढोल, शिट्ट्या, सगळे खूश. मी मात्र खूश नव्हतो कारण आमच्या डाव्या बाजूला काय चाललंय ते मला दिसत होतं. समोरच्या टीमचा राइट बॅक, म्हणजे उजव्या कडेचा डिफेंडर, दरवेळी वर येत होता, पुढं त्यांचा विंगर होताच, आणि आमचा लेफ्ट बॅक पोरगा एकटा दोघांना सापडत होता. पहिल्यांदा झालं तेव्हा म्हटलं ठीक आहे, आपल्या लेफ्ट हाफला, म्हणजे डावीकडच्या मिडफील्डरला, खाली यायला उशीर झाला, ओरडून सांगू. सांगितलं. परत तेच. तिसऱ्यांदा क्रॉस गोलपोस्टला घासून गेला, आणि लेफ्ट बॅक गुडघ्यावर हात टेकून वाकला, मोजे घोट्यापर्यंत उतरलेले, आणि बॉल कुठं आहे ते न बघता थेट माझ्याकडं बघत होता. पोरगा बॉल सोडून बेंचकडं बघायला लागला की समजायचं, त्याच्याकडचे उपाय संपले.

आता बघा, स्कोअर १-०, आम्ही पुढं, आणि मी एका स्ट्रायकरला लेफ्ट बॅकच्या मदतीला खाली मिडफील्डमध्ये ओढून ४-५-१ केलं. हाफ टाइमची वाट बघितली नाही, कारण तोवर गोल बसला असता. तिथल्या गोंगाटात लांबून ओरडून काही पोचत नाही, म्हणून त्यांच्या एका पोराला क्रॅम्प आला आणि खेळ थांबला तेवढ्यात कॅप्टनला लाइनवर बोलावलं, दोन वाक्यात सांगितलं, बाकी त्यानं केलं. नेदरलँड्सचा कोच व्हॅन गालनं २०१४ च्या वर्ल्ड कपमध्ये मेक्सिकोविरुद्ध हेच केलं होतं, नेदरलँड्स ०-१ मागं, फोर्तालेझाचं ऊन, आणि पाणी प्यायच्या ब्रेकमध्ये त्यानं प्लॅन बी लावला, मग ८८ व्या मिनिटाला स्नायडरचा गोल आणि इंजुरी टाइममध्ये हुंटेलारची पेनल्टी. ब्रेक दोन्ही टीमला सारखाच मिळतो, वापरतो कोण हाच फरक!

पण आमच्या गॅलरीला ते कुठलं पटायला. "जिंकतोय की मर्दा, कशाला हात लावतोयस!" असं मागनं सुरू झालं ते थांबेचना.

डावी बाजू बंद झाली. सेकंड हाफमध्ये त्यांनी लांब बॉल मधून टाकायला सुरुवात केली, पण आमचे दोन्ही स्टॉपर, म्हणजे मधले डिफेंडर, हेडर जिंकत होते, म्हणून मी काही हलवलं नाही. मग कॉर्नरवर गोल खाल्ला, १-१. आता तर विचारूच नका, "पहिल्यासारखं लाव", "दोन स्ट्रायकर घाल". मी तसाच उभा राहिलो. कॉर्नरवर एका पोराचा माणूस सुटला, त्याचा फॉर्मेशनशी काय संबंध? गोल खाल्ला म्हणून प्लॅन बदलणं आणि गोल का खाल्ला ते बघून बदलणं यात फार अंतर आहे आणि माझं म्हणणं सगळं एवढ्यावरच आहे. २००५ च्या चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूल फायनलमध्ये एसी मिलानविरुद्ध लिव्हरपूल हाफ टाइमला ०-३ मागं होतं, तिथं त्यांचा कोच बेनितेझनं मिडफील्डर हामानला आणलं कारण मिलानची टीम मैदानाच्या मधल्या भागातनंच फोडत होती, मागं तीन डिफेंडर ठेवले, कॅप्टन जेरार्डला पुढं मोकळं सोडलं आणि सहा मिनिटांत तीन गोल झाले. भोक होतं तिथंच त्यानं बुजवलं.

आमच्याकडं शेवटी शेवटी त्यांचा तोच राइट बॅक, दिवसभर वर-खाली पळून, कमरेवर हात ठेवून चालायला लागला. मी याचीच वाट बघत होतो. बेंचवरचं सगळ्यात पळणारं पोरगं डावीकडं सोडलं, ताज्या पायाचं, त्याला एवढंच सांगितलं की बॉल पुढं ढकल आणि पळ. त्यानं दुसऱ्याच वेळी त्याला मागं टाकून क्रॉस दिला आणि आमच्या राइट हाफनं आत येऊन मारला. २-१. त्यानंतर शिट्टीपर्यंत मला काय ओरडत होते ते ऐकूच आलं नाही, सगळे गळ्यात पडत होते.

खाली ओढलेला स्ट्रायकर मात्र संध्याकाळी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला त्याला घेऊन ग्राउंडवर त्याच जागी उभं केलं, लेफ्ट बॅकला मागं ठेवलं आणि दोन पोरं त्याच्या अंगावर सोडली. दोनदा बघितलं आणि म्हणाला, "दादा, हा एकटाच मरत होता की." ही अदलाबदल आम्ही प्रॅक्टिसला आधी घेतलेली होती म्हणून मॅचमध्ये दोन वाक्यात जमली, नाहीतर भर खेळात नवीन शिकवायला गेलं की पोरं नुसती गोंधळतात. आता तोच स्ट्रायकर मैदानातनं हात करून विचारतो, "दादा, खाली येऊ का?" आणि बहुतेक वेळा मी त्याला सांगतो, थांब तिथंच.